सिएरा लिओनला साक्षरता-वर्ग घ्यायला जाताय? नव्या ख्रिस्ती स्वयंसेवकांसाठी

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला जाऊन प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचं मनात आहे, असं म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न व्हिसाचा विचारतात, दुसरा मलेरियाचा आणि तिसरा जेवणाचा. तिन्हींची उत्तरं पुढे येतील. पण काम अडतं ते या तिन्हींवर नाही. तुम्ही परत आल्यावर वर्ग कोण घेणार, या प्रश्नावर अडतं. तिकीट काढायच्या आधी याचं उत्तर निदान अर्धंमुर्धं तरी हातात हवं. नाहीतर वर्षभर घाम गाळून तुम्ही परत याल आणि मागच्या मागे वर्ग बंद पडेल. असे वर्ग मी पाहिले आहेत. फळा भिंतीला टेकवलेला, त्यावर कोंबड्या.

आधी देशाची ओळख

२३ मार्च १९९१ रोजी रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंटचे बंडखोर लायबेरियातून सीमा ओलांडून पूर्वेकडच्या कैलाहुन जिल्ह्यात घुसले. तिथून सुरू झालेलं युद्ध जानेवारी २००२ मध्ये संपलं. सुमारे पन्नास हजार माणसं मेली, लाखो बेघर झाली, बंडखोरांनी कित्येकांचे हात तोडले, लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या. शाळा जळाल्या, शिक्षक पळाले किंवा मारले गेले. त्या अकरा वर्षांत ज्यांचं शाळेत जायचं वय होतं ती मुलं आज तिशी ते पन्नाशीत आहेत, आणि तुमच्या वर्गात बसणार आहेत ती बहुतांश हीच. देशातल्या निम्म्याच्या आसपास प्रौढांना वाचता येत नाही आणि बायकांमध्ये हे प्रमाण आणखी वाईट आहे, त्याचं एक मोठं कारण हे. गरिबी आणि मुलींना शाळेत न घालण्याची रीत ही कारणं त्याआधीची.

पण एवढंच वाचून गेलात तर फसाल. राजधानी फ्रीटाऊनचं फुरा बे कॉलेज १८२७ सालचं, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठापेक्षा तीस वर्षांनी जुनं. योरुबा भाषेत बायबलच्या भाषांतराचं मोठं काम करणारे आणि पुढे बिशप झालेले सॅम्युएल अजयी क्राउदर हे तिथले अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. मुलींची ॲनी वॉल्श शाळा १८४९ पासून चालू आहे. त्यामुळे आपण अंधारात दिवा घेऊन चाललोय या थाटात तिथे उतरू नका. तुम्ही जाल त्या गावचा शाळामास्तर कदाचित तुमच्याहून सुरेख इंग्रजी लिहीत असेल, फक्त त्याचा पगार कित्येक महिने आलेला नसेल.

देशात मुसलमान तीन चतुर्थांशाहून जास्त आहेत, ख्रिस्ती एक चतुर्थांशाहून कमी. हा आकडा ऐकून आपल्याकडची माणसं एकदम गंभीर होतात. तिथे मात्र एकाच घरात एक भाऊ मशिदीत जातो, दुसरा चर्चमध्ये, आणि ईद व नाताळ दोन्हीकडे भात शिजतो. गावच्या सभेची सुरुवात कुराणातली अल-फातिहा आणि प्रभूची प्रार्थना अशा दोन्हींनी होते. १९९७ मध्ये मुस्लिम आणि ख्रिस्ती पुढाऱ्यांनी मिळून आंतरधर्मीय परिषद स्थापन केली आणि १९९९ च्या लोमे शांतता कराराआधी सरकार आणि बंडखोर या दोन्ही बाजूंना बोलतं करण्यात तिचा मोठा वाटा होता. युद्धानंतरच्या सत्य आणि समेट आयोगाचे अध्यक्षही एक मेथडिस्ट बिशप होते, जोसेफ हम्पर. सलोखा त्यांनी आधीच जमवलेला आहे. आपण जाऊन तो बिघडवायचा नाही, इतकंच.

संस्था निवडताना

एकट्याने जाऊ नका. तुमच्या चर्चचे तिकडच्या एखाद्या चर्चशी किंवा मिशनशी संबंध असतील तर तो रस्ता सगळ्यात बरा. मेथडिस्ट, अँग्लिकन, कॅथलिक, बॅप्टिस्ट, वेस्लियन अशा बहुतेक पंथांची मंडळी तिथे आहेत. संस्था सापडली की तिला पत्र लिहून सरळ विचारा: वर्ग मागितला कुणी, गावाने की संस्थेने? आधी कुणी शिकवायला आलं होतं का, आणि ते गेल्यावर काय झालं? कोणत्या भाषेतून शिकवता? माझ्याबरोबर गावातलं कोण शिकवणार आणि त्याच्या मानधनाची सोय काय? मुलांच्या सुरक्षेबाबत तुमचे लेखी नियम आहेत का?

शेवटच्या प्रश्नावर जी संस्था गडबडेल तिला नमस्कार करा. स्वयंसेवा करायला येणाऱ्याकडूनच भरमसाट फी घेणाऱ्यांनाही.

किती काळासाठी जायचं? दोन आठवड्यांसाठी जायचं असेल तर जाऊ नका, ते पैसे संस्थेला पाठवा. प्रौढ माणसाला अक्षर ओळखण्यापासून साधा मजकूर वाचण्यापर्यंत यायला एक अख्खा कोरडा हंगाम तरी लागतो, आणि तुम्हाला भाषा कानावर पडायलाच त्यातला बराच वेळ जातो. नऊ महिने ते वर्ष हा बेत योग्य.

कागद, लस, गोळ्या

पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय सिएरा लिओनमध्ये प्रवेश नाही, आणि परतताना भारतही लस घेतल्याचं कार्ड मागतो. ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, शासनमान्य केंद्रांतच मिळते. मुंबई-पुण्यात ती केंद्रं आहेत, पण आधी दिवस ठरवून घ्यावा लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं आणि मग ते जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. टायफॉइड, हिपॅटायटिस आणि धनुर्वाताचंही त्याच वेळी उरकून घ्या.

मलेरिया तिथे बाराही महिने असतो आणि तो मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपॅरम जातीचा. आपल्याकडे घरोघर माहीत असलेली क्लोरोक्विन तिथे कामाची नाही. डॉक्सीसायक्लिन, मेफ्लोक्विन किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यांपैकी आपल्याला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील. गोळी रोज घ्यायची असेल तर रोज. "आज विसरलो, उद्या दोन घेतो" असला हिशेब चालत नाही. औषध लावलेली मच्छरदाणी बरोबर न्या.

पासपोर्ट कार्यालयातून पोलीस पडताळणीचा दाखला काढा. चांगली संस्था तो मागतेच. व्हिसा आणि राहण्याचा परवाना यजमान संस्थेच्या पत्रावर होतो, पर्यटक म्हणून जाऊन शिकवत बसू नका. विमा असा घ्या की गरज पडली तर तो तुम्हाला दुसऱ्या देशातल्या इस्पितळात हलवेल. तिथे पोचल्यावर फ्रीटाऊनच्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवायचं.

निघण्याआधी इथेच सराव

हे फारसं कुणी करत नाही, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. जायच्या आधी आपल्याच वस्तीतल्या एका निरक्षर माणसाला मराठी वाचायला शिकवा. घरकाम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, चर्चच्या आवारात झाडू मारणाऱ्या बाई, कुणीही. मुलांना शिकवण्याचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही. मोठ्या माणसाला लाज वाटते, त्याचा हात कष्टाने राठ झालेला असतो, पेन्सिल तो कुदळीसारखी आवळून धरतो आणि "आता या वयात काय" हे दर चार दिवसांनी ऐकवतो. हे सगळं आपल्या भाषेत एकदा अंगावरून गेलं की परक्या भाषेत घाबरायला होत नाही.

दुसरा अभ्यास क्रिओचा. देशाची राजभाषा इंग्रजी, पण माणसं एकमेकांशी बोलतात ती क्रिओ. दक्षिणेला आणि पूर्वेला घरात मेंदे, उत्तरेला तेम्ने आणि लिम्बा. क्रिओ ऐकली की वाटतं, अरे, ही तर इंग्रजीच. तसं समजू नका, तिचं व्याकरण वेगळं आहे आणि तिला मोडकं इंग्रजी म्हटलेलं तिथल्या माणसाला लागतं. निघण्यापूर्वी निदान नमस्कार-चमत्कार पाठ करा. "कुशे" म्हणजे नमस्कार. "आउ दि बॉडी?" म्हणजे तब्येत कशी आहे. त्यावर "दि बॉडी फाइन" किंवा "आ टेल गॉड टेन्की", म्हणजे देवाची कृपा. नमस्कार न करता कामाचं बोलायला लागलात तर तुम्ही उर्मट ठरता, मग तुमचा पाठ कितीही छान असो.

पेटीत काय न्यायचं? कपडे कमी, सौर कंदील दोन, स्वतःचं हेल्मेट, चहापूड आणि थोडा मसाला. आणि वाचनाचे चष्मे. पुष्कळ चष्मे.

चष्म्यांबद्दल थांबून सांगतो. तुमचे विद्यार्थी चाळिशीच्या आसपासचे. त्यांतल्या कित्येकांना जवळचं दिसत नाही आणि ते त्यांना माहीतही नाही, कारण जवळचं बारीक बघायची वेळच आलेली नाही. बाई फळ्यावरचं अक्षर चटकन ओळखते, पण वही हातात दिली की गप्प होते, मग घरी राहते, आणि आपण समजतो तिला गोडी नाही. आपल्याकडे रस्त्यावर मिळणारे एक ते तीन नंबरचे तयार चष्मे डझनावारी घ्या आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या डोळ्यांवर लावून बघा. दुसऱ्या कुठल्याही साहित्याने वर्गात इतका फरक पडताना मी पाहिलेला नाही.

पोचल्यावर

भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूल, कॅसाब्लांका किंवा ब्रसेल्समार्गे जावं लागतं. विमानतळ लुंगीला आहे आणि फ्रीटाऊन खाडीच्या पलीकडे, त्यामुळे उतरल्यावर सामानासकट होडीत बसायचं. रात्रीचं विमान असेल तर यजमानांना घ्यायला बोलवा, उगाच शौर्य नको.

शहरात तीनचाकी रिक्षांना केके म्हणतात आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या बजाजच्या. गावाकडे जायला मोटरसायकल टॅक्सी, ओकाडा. तीही पुष्कळदा बजाज बॉक्सर किंवा टीव्हीएस. वाळूजच्या कारखान्यातली गाडी कैलाहुनच्या लाल मातीत दिसली की बरं वाटतं, पण त्या आनंदात मागे तिसरा म्हणून बसू नका. माझ्या मते स्वयंसेवकांना मलेरियापेक्षा ओकाडाचा धोका मोठा. हेल्मेट आपलं वापरा, पावसात आणि अंधारात प्रवास टाळा.

सरकारने २०२२ मध्ये लिओन या चलनातली तीन शून्यं काढून टाकली, पण बाजारात जुने आकडे अजून तोंडात आहेत. "वीस हजार" ऐकून दचकू नका, वीसची नोट द्या.

गावात पहिलं काम म्हणजे मुखियाची भेट. संस्थेतल्या माणसाबरोबर जायचं, कोला नावाचं बी किंवा त्याबदली थोडे पैसे मान म्हणून ठेवायचे, आपण कोण, कशासाठी आलो, किती दिवस राहणार ते सांगायचं. मग इमाम आणि पाळक, दोघांनाही. मग बायकांची पुढारी असते, तिला मामी क्वीन म्हणतात. बायकांचा वर्ग चालवायचा असेल तर खरी परवानगी तिची. वडीलधाऱ्या पुरुषाला "पा", बाईला "मामी" किंवा "आन्टी". तुम्हाला सगळे "टिचा" म्हणतील. मेंदे भागात पोरं मागून "पुमुई" ओरडतील, म्हणजे परका, गोरा. आपण इतके गोरे आहोत हे आपल्याला तिथे पहिल्यांदा कळतं.

भारतीय माणसाबद्दल पूर्वेकडे एक जुनी आठवणही आहे. २००० च्या मे महिन्यापासून कैलाहुनमध्ये भारतीय शांतिसैनिकांना बंडखोरांनी वेढून ठेवलं होतं आणि जुलैमध्ये ऑपरेशन खुक्री करून त्यांची सुटका झाली. म्हातारी माणसं तो विषय काढतात. काढला तर ऐका, आपण काढू नका.

पहिला महिना शिकवू नका

बसा, बघा, भाषा शिका. गावातल्याच एका-दोघांना आपले गुरू करा. सहशिक्षक याच काळात सापडतो. तो फार शिकलेला असलाच पाहिजे असं नाही. शाळा अर्धवट सुटलेली, पण वाचता येणारी आणि गावात मान असलेली बाई मिळाली तर सोनं. फ्रीटाऊनला जायच्या वाटेवर असलेला हुशार तरुण घेऊ नका, तो सहा महिन्यांत जाईल.

सहशिक्षिकेचं मानधन तुमच्या खिशातून देऊ नका. दिलंत, तर तुम्ही निघाल त्या दिवशी ते बंद. गावाने पोतंभर तांदूळ द्यावा, विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तिच्या शेतावर एक दिवस काम करावं, किंवा चर्चने आणि मशिदीने मिळून काही ठरवावं. अशी बोलणी व्हायला वेळ लागतो, कंटाळा येतो, तरी ती तुमच्याविना व्हायला हवीत.

वर्गाची वेळ गावाला ठरवू द्या. आठवड्याच्या बाजाराच्या, म्हणजे लुमाच्या दिवशी कुणी येणार नाही. शुक्रवारी दुपारी जुम्मा, रविवारी उपासना, आणि उपासना तीन तास चालते. मे-जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्टमध्ये मागच्या वर्षीचा तांदूळ संपलेला आणि नवा आलेला नसतो, उपाशी माणसाला अक्षरं शिकवण्यात अर्थ नाही. खरा हंगाम कापणीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरपासून. अंधार वर्षभर सातच्या सुमारास पडतो, म्हणून चार ते सहा किंवा कंदील लावून सातनंतर. पावसाळ्यात वर्ग ठेवलाच तर लक्षात असू द्या की पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळायला लागला की तुमचा आवाज पहिल्या रांगेतही पोचणार नाही. त्या दिवशी बोलणं बंद, अक्षरं गिरवायची.

वर्ग

पहिला वाद भाषेचा होईल. विद्यार्थी म्हणतील, इंग्रजी शिकवा, बाकीचं आम्हाला येतं. त्यांचं खरं आहे, नोकरी, कचेरी, मुलांची शाळा सगळं इंग्रजीत. तरीही सुरुवात मेंदे, तेम्ने किंवा क्रिओतूनच करा. अक्षर हे आवाजाचं चिन्ह आहे ही गोष्ट समजलेल्या भाषेतच डोक्यात शिरते. न समजणाऱ्या भाषेत माणूस नुसता पाठ करतो. लिपी रोमनच आहे, त्यामुळे एकदा वाचता आलं की इंग्रजीकडे वळता येतं. विद्यार्थ्यांना हे पटवायला तुम्ही जाऊ नका, सहशिक्षिकेला बोलू द्या.

क्रिओ आणि मेंदेच्या लिपीत आपल्याला अनोळखी दोन-तीन अक्षरं आहेत. एक उलट्या सीसारखं, त्याचा उच्चार आपल्या "ऑ"जवळचा. दुसरं तोंड जरा जास्त उघडून म्हटलेल्या "ए"चं. तिसरं "अंक" या शब्दातल्या अनुस्वाराचं. मराठी माणसाला हे तिन्ही आवाज लवकर जमतात. मेंदेतले "क्प" आणि "ग्ब" मात्र जिभेची परीक्षा घेतात. दोन्ही व्यंजनं एकाच दमात, एकत्र. चुकलात की वर्ग हसेल, हसू द्या. मास्तरलाही सगळं येत नाही हे बघून शिकणाऱ्याची भीती जाते.

पद्धत साधी. रोजच्या जगण्यातला शब्द घ्या. उदाहरणार्थ क्रिओतला "कसाडा", म्हणजे ज्याची पानं ते भातावर घालून खातात तो कसावा. आधी त्यावर गप्पा: यंदा पीक कसं, भाव काय. मग शब्द फळ्यावर. मग तुकडे, का-सा-डा. मग प्रत्येक तुकड्याची स्वरांबरोबर बाराखडी: का, के, की, को, कू. मेंदेत तर शब्दांचे बहुतेक तुकडे व्यंजन अधिक स्वर असेच असल्यामुळे बाराखडीच्या वळणाने शिकवणं फार सोयीचं जातं. मग तुकडे जोडून नवे शब्द विद्यार्थ्यांनीच बनवायचे. इथे एक इशारा: "का" दोनदा जोडू नका. आपल्याकडे त्याचा वडीलधारा माणूस होतो, क्रिओत ती संडासातली गोष्ट आहे. पण जोडलाच कुणी, तर तो शब्द वर्गातला प्रत्येक जण जन्मात विसरणार नाही.

हात बसवायला आधी वाळूत बोटाने रेघा, मग पाटी, मग जाड पेन्सिल. खडू पावसाळ्यात ओला होऊन मोडतो, डब्यात थोड्या तांदळात ठेवा. तान्ही मुलं वर्गात येणारच, त्यांच्यासाठी कोपऱ्यात चटई.

आणि वाचायला काय द्यायचं, तर ज्याच्यावाचून त्यांचं अडतंय ते. बाजारात बसणाऱ्या बाईकडे फोन असतो, त्यावर ऑरेंज मनी किंवा आफ्रिमनीचे पैसे येतात. संदेश वाचता येत नाही म्हणून ती फोन दुकानदार पोराच्या हाती देते, बरोबर गुप्त आकडाही सांगते. माझ्या वर्गातली एक मासेविक्री करणारी बाई एकदा संदेश उघडून बसली. शब्द नव्हेत, आधी आकडे. रक्कम, मग शिल्लक. बोट पडद्यावर ठेवून तिने तीनदा वाचलं, मग फोन कनवटीला खोचला आणि दुकानदाराकडे गेली ती त्याच्या हिशेबातली तफावत विचारायला. पुढच्या आठवड्यात तिच्या रांगेतल्या आणखी बायका वर्गात आल्या.

तसंच ओसुसुचं. ओसुसु म्हणजे आपली भिशी. कुणाचे आले, कुणाचे राहिले, हे सगळं एका बाईच्या डोक्यात किंवा वाचता येणाऱ्या एखाद्या पुरुषाच्या वहीत. वर्गात ती वही मांडा: नाव, तारीख, रक्कम. तोंडी हिशेब या बायका तुमच्याहून जलद करतात, त्यांना बेरीज शिकवायला जाऊ नका, लिहायला शिकवा. मुलाच्या दवाखान्याचं कार्ड, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, मतदार यादीतलं स्वतःचं नाव, हे सगळे धडेच.

ख्रिस्ती असणं

वर्गात मुसलमान असणार, बहुधा जास्त असणार. साक्षरता ही गळाला लावलेली आळी असता कामा नये. वर्गात बसण्यासाठी प्रार्थनेला यावं लागेल, अशी अट घालणारी संस्था भेटली तर मी तरी जाणार नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना हा विषय समजावून सांगायला नको. मिशनच्या शाळेने आपल्या आजी-पणजीला अक्षर दिलं याची कृतज्ञताही आपण जाणतो आणि "पाव खाऊन बाटले" हे टोमणेही ऐकलेले असतात.

याचा अर्थ विश्वास लपवायचा असाही नाही. तिथे देवाचं नाव घेण्याचा कुणाला संकोच नाही, उलट तुम्ही प्रार्थना करत नाही असं दिसलं तर लोकांना काळजी वाटेल. वर्गाची सुरुवात गावच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही प्रार्थनांनी करा. क्रिओ आणि मेंदेतलं बायबल मिळतं. वाचायला लागलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांना रविवारी चर्चमध्ये स्तोत्र वाचायला द्या, त्या दिवसाचा थाट काही और असतो. सगळ्यांच्या वर्गात मात्र म्हणी, गोष्टी, आरोग्याचे धडे. रमजानमध्ये तास छोटा, आणि फळ्यासमोर पाणी पिऊ नका.

पोरो ही पुरुषांची आणि बोंडो ही बायकांची, अशा गुप्त संस्था जवळपास सगळीकडे आहेत. त्यांच्या रानाकडे फिरकू नका आणि त्याबद्दल विचारू नका. बोंडोमध्ये मुलींची सुंता करतात, त्या विधीबद्दल तुमचं मत तीव्र असेल, माझंही आहे. पण त्याविरुद्ध बोलणाऱ्या तिथल्याच बायका आहेत, पहिल्या वर्षीच्या पाहुण्याने त्यांच्या पुढे जाऊन भाषण ठोकू नये.

युद्धाबद्दल

विचारू नका. तुमच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाच्या घराला दुसऱ्याच्या टोळीने आग लावलेली असू शकते, आणि ते दोघांनाही ठाऊक असतं. कैलाहुनमध्ये फाम्बुल टोक या स्थानिक चळवळीने शेकोटीभोवती गाव जमवून अपराध बोलायला आणि माफी मागायला लावलं. ते काम गावाचं गावाने केलं. साक्षरतेच्या वर्गात "तुमच्या आयुष्यातला प्रसंग लिहा" असला गृहपाठ देऊ नका, तो कुठे नेईल सांगता येत नाही. कुणी आपणहून बोललं तर ऐका, सल्ला देऊ नका, नाव सांगून दुसऱ्याला सांगू नका.

हात तुटलेले विद्यार्थी आले तर त्यांनाच विचारा कसं लिहायला सोपं जाईल. कुणी मनगटाला पेन्सिल बांधून घेतं, कुणाला फक्त वाचायचं असतं. त्यांचे फोटो काढायचे नाहीत. मुलांचेही नाहीत. चर्चच्या मासिकाला फोटो हवा असेल तर फळ्याचा द्या.

तब्येत आणि पैसे

जेवण म्हणजे भात, आणि भात खाल्ला नाही तर जेवलोच नाही असं मानणारी माणसं, त्यामुळे आपली अडचण होत नाही. वर पानांचं कालवण, त्याला प्लासास म्हणतात. त्यात पाम तेल आणि सुकी मासळी असतेच. शाकाहारी असाल तर आधी सांगा, शेंगदाण्याचं कालवण, घेवड्याच्या बिया आणि केळी मिळतात. पाणी उकळून किंवा गाळून. केनेमाच्या बाजूला लासा ताप आहे, तो उंदरांच्या मलमूत्रातून पसरतो, म्हणून तांदूळ आणि उरलेलं अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात. २०१४-१६ च्या इबोलात देशात चार हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यामुळे ताप आलेला माणूस दिसला की गाव अजून सावध होतं. ताप तुम्हाला आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा, उद्यावर ढकलू नका.

पैसे मागितले जातील, रोज. यात अपमान नाही, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मागायचं ही तिथली रीतच. एकट्याला उसने देऊ नका, मदत करायची ती संस्थेमार्फत. पहिल्या आठवड्यात हे हसून आणि स्पष्ट सांगितलंत तर पुढे सोपं जातं.

सोपवणं

निम्मा काळ झाला की फळ्यापासून दूर व्हायला लागा. एक दिवस तुम्ही, एक दिवस सहशिक्षिका. मग ती तीन दिवस, तुम्ही एक. शेवटचे दोन महिने तुम्ही मागच्या बाकावर, हजेरीपट तिच्या हातात, खोलीची किल्ली तिच्याकडे, खडू-वह्यांची खरेदी तिने केलेली. मध्ये मुद्दाम दोन आठवडे गावाबाहेर जा आणि वर्ग चालतो का बघा. बंद पडला तर का पडला हे गावाला विचारा. तेव्हा कळलं तर दुरुस्त करायला वेळ असतो. उरलेलं साहित्य वाटून टाकू नका, मामी क्वीन आणि सहशिक्षिकेच्या सहीने यादी करून द्या. "पुन्हा येईन" असं वचन, येणार नसाल तर, देऊ नका. लोक ते लक्षात ठेवतात.

परतताना पिवळ्या तापाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, मुंबईला उतरल्यावर ते मागतात. मलेरियाची गोळी घरी आल्यावर लगेच थांबवायची नसते. डॉक्सीसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर आणखी चार आठवडे घ्यायची, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर फॅमिली डॉक्टर "व्हायरल आहे" म्हणायच्या आत आपण पश्चिम आफ्रिकेतून आलोय हे सांगा आणि रक्त तपासून घ्या.